उघड्यावर

आमच्या घरात डोंगरावर जायला नेहमी काहीतरी कारण लागतं. शेळी चुकली, सरपण संपलं, नाथाचा नवस फेडायचा राहिला. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव गर्भगिरीच्या पायथ्याशी आहे, तेव्हा डोंगर काही मला नवा नाही. पण 'सहज' म्हणून डोंगर चढलेलं माणूस आमच्या भावकीत मी तरी पाहिलेलं नाही. म्हणूनच डिसेंबरात वसतिगृहातल्या आम्ही सात जणींनी हरिश्चंद्रगडावर एक रात्र राहायचं ठरवलं, भूगोलाच्या मॅडमही बरोबर यायला तयार झाल्या, तेव्हा बाकीच्या मुली बूट आणि बॅगा शोधू लागल्या, आणि मी घरी कसं सांगायचं याचा विचार करू लागले.

घरी म्हणजे तरी कुठं? आई आणि दादा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचं. राहायला कोपी. बांबूच्या कमानी, वरून ताडपत्री नाहीतर पाचट. माझी पहिली काही वर्षं अशा कोप्यांतच गेली. पुढं आजीनं हट्टानं मला गावाकडं ठेवून घेतलं, म्हणून मी शाळेत राहिले आणि आज या अंकात लिहिते आहे. माझ्याच वयाची माझी चुलत बहीण मात्र टोळीबरोबर जात राहिली. यंदा ती स्वतः एका कोयत्याचा अर्धा भाग आहे.

फोन संध्याकाळी लागला. आईनं सगळं ऐकून घेतलं. तंबूचे माणशी किती पैसे, तेही विचारलं. मग म्हणाली, "आम्ही सा सा महिनं फुकट उघड्यावर निजतो गं. अन् तुम्ही पैसं मोजून उघड्यावर निजायला चालल्या?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही उत्तर सुचलं नाही. मागून दादांचा आवाज आला, "मोठं बाईमाणूस हाय ना संगं? मग जाऊ दे. खायला काय घेतलंय ते इचार." एवढ्यावर परवानगी मिळाली. शेवटी बहिणीनं फोन घेतला आणि विचारलं, "तिथं वर हाय तरी काय?"

अकोले, राजूर करीत आम्ही पाचनईला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी मानतात. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट जास्त दमवते म्हणे. सोपी असली तरी घोटीची आणि संगमनेरची अशा दोघींनी (वसतिगृहात आम्ही एकमेकींना गावावरूनच हाका मारतो) पहिल्या तासातच पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या. मॅडम मात्र न थकता कातळाकडं बोट दाखवीत होत्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर, एकावर एक. पुस्तकातली आकृती मी परीक्षेसाठी चारदा काढली आहे, पण तिच्यावर हात टेकून दम खाण्याचा प्रसंग पहिलाच.

गडाची उंची १४२४ मीटर. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ आहे, जवळच केदारेश्वराची गुहा. गुहेत भलं मोठं शिवलिंग आणि त्याच्याभोवती गार पाणी. चार खांबांपैकी एकच उभा उरला आहे. चांगदेवांनी 'तत्त्वसार' या गडावर लिहिला हे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं. सातही जणींपैकी ते कोणालाच आठवलं नाही, मॅडमना आठवलं! कोकणकड्याचं वर्णन मी करत नाही. पालथं झोपून, पाय मॅडमनी धरलेले असताना, मी डोकं पुढं काढून पाहिलं. कडा खाली सरळ उतरत नाही, आत वळतो. वाळलेलं पान सोडलं तर खालून येणारा वारा ते परत आपल्या तोंडावर आणून टाकतो. मावळतीचं ऊन कोकणात उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो.

आता जेवणाचं सांगते, कारण खरी सहल तिथं झाली.

शेकोटी पेटवायची, गाणी म्हणायची, असं कोतूळच्या मुलीच्या डोक्यात फार दिवसांपासून होतं. पण हा सगळा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे. लाकूड तोडायचं नाही, उघड्यावर जाळ करायचा नाही, हे मॅडमनी निघतानाच बजावलं होतं. देवळाजवळ पाचनईच्या एका मावशींचं झोपडं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला पिठलं-भाकरी करून देतात, तंबूही त्यांच्याच घरचे. सरपण आणि पीठ खालून डोक्यावर आणतात. आम्ही आठ जणी बघून त्या जरा गांगरल्या. म्हणाल्या, "थोडा उशीर व्हईल बायांनो."

मी म्हटलं, "मावशी, मी भाकरी थापते."

आमच्या घरचं बाजरीचं पीठ मी बरोबर आणलंच होतं, आणि डबाभर येसर. येसर म्हणजे गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे आणि खडा मसाला भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नात येसर-आमटीच्या पंगती उठतात. आई फडावर जाण्याआधी दोन डबे करते, एक स्वतःला, एक मला. फडात मसाला वाटायला वेळ कोणाला असतो? पहाटेच्या अंधारात भाकरी थापायच्या, पाण्यात येसर कालवून उकळायचं, फडक्यात बांधायचं आणि निघायचं. कोरड्यासाची ददात नाही.

मावशींनी मला चुलीपुढची जागा दिली आणि स्वतः नागलीच्या पिठाला बसल्या. नागलीला कढत पाण्याची उकड लागते, नाहीतर भाकरी थापताना चिरते. बाजरीचं उलटं, एका भाकरीपुरतंच मळायचं आणि लगेच थापायचं, पीठ पडून राहिलं की गेलं. एकाच तव्यावर एक काळसर-तांबडी आणि एक हिरवट-करडी अशा आमच्या भाकऱ्या आळीपाळीनं पडू लागल्या. घोटीची मुलगी शेजारी बसून कांदा कापत होती. तिनं विचारलं, "तू हे कधी शिकलीस गं?" मी म्हटलं, "आठवत नाही." खरंच आठवत नाही. कुणी शिकवल्याचं आठवायला ते निराळं काही असावं लागतं.

लसूण-जिऱ्याची फोडणी, थोडा काळा मसाला, मग गार पाण्यात कालवलेलं येसर. गार पाण्यातच, नाहीतर गाठी होतात. आमटीला उकळी आली तसा वास बाहेर गेला आणि तंबूत मोबाइलला रेंज शोधत बसलेल्या तिघी आपोआप आत आल्या. बुक्कीनं फोडलेला कांदा, मावशींची खुरसणीची चटणी, वाफाळलेला भात. मॅडमनी आमटी तीनदा घेतली. मावशींनी बोट बुडवून चाखली, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हे दळताना कायकाय घालायचं ते सांग." मी सांगत गेले, त्या मान डोलवीत गेल्या. कागदावर काही उतरलं नाही, पण एक शब्दही वाया गेला नसणार. बीजमाता म्हणून ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या. शाळेत न जाता त्यांनी वाणांची केवढी माहिती जपली! आम्ही वर्गात 'निरक्षर' हा शब्द किती सहज वापरतो, असं माझ्या मनात येऊन गेलं.

रात्री थंडी मी म्हणत होती. बाकीच्या पाच मिनिटांत झोपल्या. मला झोप येईना. कोपीला दार नसतं. जुनं लुगडं टांगलेलं असतं. आई कोयता उशाखाली घेऊन निजायची आणि बाहेर पाऊल वाजलं की मुद्दाम खोकायची. मी जागी आहे, हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. तिथं राहणाऱ्या बायका उघड्यावर निजतात म्हणजे काय करतात, ते मला त्या तंबूत नीट कळलं. त्या निजतच नाहीत. तंबूबाहेर मॅडमची बॅटरी दोनदा फिरून गेली. तेवढ्यानंसुद्धा केवढा आधार वाटला!

शेवटी पांघरूण गुंडाळून बाहेर आले. आभाळ गच्च भरलं होतं आणि डोक्यावर तिकांडं होतं. मृगातले ते एका ओळीतले तीन तारे. आईचं घड्याळ तेच. तिकांडं मावळतीला कललं की ती उठते, दादांना उठवते, चूल पेटवते, कारण गाडी भरायला जायचं असतं. लहानपणी तिकांडं म्हणजे मला अंगावरचं पांघरूण ओढणारा हात वाटायचा. त्या रात्री मी ते सरकताना कितीतरी वेळ बघत बसले. ते चांगलं कललं, आणि मला कुठंही जायचं नव्हतं. मी आत गेले आणि झोपले. मॅडमनी पाय हलवून उठवलं तेव्हा ऊन तंबूवर आलं होतं.

निघताना उरलेलं येसर मी मावशींच्या डब्यात ओतलं. त्यांनी खुरसणीची चटणी बांधून दिली, पैसे काही केल्या घेतले नाहीत.

राजूरला रेंज आली तसे बहिणीला फोटो पाठवले. कोकणकडा, देऊळ, गुहेतलं पाणी, सूर्यास्त आणि चुलीपुढची मी. तिचा फोन रात्री आला. कड्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "भाकरी काठाला जाड राहिलीय तुझी. हात मोडलाय." मग जरा थांबून, "पुढच्या साली कधी जाणार?"

चटणी खोलीतल्या मुलींनी चार दिवसांत निम्मी केली. उरलेल्या चटणीच्या दोन पुड्या बांधून मी पेटीत कुलपात ठेवल्या आहेत. कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावाकडं परतेल. एक पुडी आईची, एक तिची.