मुकी पेटी

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत मी पेटी वाजवीत होते. तालीम संपल्यावर मराठीच्या सरांनी विचारले, "कुठे शिकलीस ग पेटी?" मी म्हणाले, "चर्चमध्ये." सर क्षणभर पाहतच राहिले. मग हसून म्हणाले, "अग, चर्चमध्ये ऑर्गन असतो ना? निदान सिनेमात तरी असतो!"

सिनेमात असतो खरा. पण नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये एक पेटी, तबल्याची जोडी आणि झांजा, एवढेच काय ते वाद्यवैभव! 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात इंग्रजीवरून मराठीत आणलेली गीते आहेत. ती आम्ही विलायती चालीवर, जरा अंग चोरूनच म्हणतो. मंडळीचा गळा खरा मोकळा होतो तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या गीतांना. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यानंतर १९१९ साली ते वारले तोवर त्यांनी आमच्या उपासनेत अभंग आणले, ओवी आणली, भजनाचा ठेका आणला. वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना राहुरीचे, नगरचे नाव आले की सगळे पुस्तकात बघतात. मला मात्र तबला ऐकू येऊ लागतो.

तो तबला मामांचा. ते कुणाचे सख्खे मामा होते कोण जाणे, पण सारी मंडळी त्यांना मामाच म्हणे. मी सातवीत असताना पेटीवर बसले, तेव्हा माझे पाय टेकावेत म्हणून त्यांनी पायांखाली विटा ठेवल्या होत्या. मामांना एकच खोड. ते ठेका जलद धरीत. मी लय ओढून धरायची, ते पुढे पळायचे आणि मंडळी बिचारी दोघांच्या मधून वाट काढीत शेवटच्या कडव्याला पोहोचायची. उपासना संपली की आमचे भांडण ठरलेले. "पोरी, प्रभूकडे जायचंय, जरा लवकर जाऊ की!" हे त्यांचे शेवटचे वाक्य.

२२ मार्च २०२० हा रविवार होता. जनता कर्फ्यू. मी दहावीत होते. दुसऱ्या दिवशीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला आणि नंतर तो रद्दच झाला, याचा मला इतका आनंद झाला की चर्चला कुलूप लागल्याचे दुःख मला पहिल्या आठवड्यात झालेच नाही. हे कबूल केलेले बरे. पण झावळ्यांचा रविवार गेला, उत्तम शुक्रवार गेला, १२ एप्रिलला ईस्टर आला आणि मी पहाटे चारला सवयीने जागी झाले. घरात काळोख, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. आयुष्यातला पहिला ईस्टर, ज्या दिवशी मला कुठेच जायचे नव्हते.

पाळकसाहेबांनी मोबाइलवर उपासना सुरू केली. सगळ्यांनी आपापल्या घरून एकत्र गायचे असे ठरले. काय तो गोंधळ! प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा मागाहून येई. मी दुसऱ्या ओळीवर, तर कुणाची आजी अजून पहिलीच आळवते आहे. शेवटी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि मी एकटी गायले, पडद्यावरच्या चौकोनांत हलणाऱ्या ओठांकडे पाहत. पुढे वर्तमानपत्रात वाचले की अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण होते. त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली असे धरले गेले, आणि दोघे दगावले. ते वाचले आणि अंगावर काटा आला. गाताना आपण जो श्वास भरभरून बाहेर सोडतो, ज्याला आम्ही स्तुतीचे अर्पण म्हणतो, त्यातूनच रोग पसरत होता!

आमचे घर दोन खोल्यांचे. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी करून ती सकाळी येई, बाहेरच आंघोळ करी आणि दुपारपर्यंत झोपे. तिच्या झोपेत पेटी वाजवणे शक्य नव्हते. मग मी एक युक्ती काढली. भाता बंद ठेवायचा आणि नुसती बोटे फिरवायची. पट्ट्यांचा बारीक टकटक आवाज येई, सूर मात्र नाही. अख्खे गीत असे मुक्याने वाजवायचे.

त्या मुक्या वाजवण्यात मला एक गोष्ट उमगली आणि ती काही सुखाची नव्हती. इतकी वर्षे मी दर रविवारी देवाच्या घरात सर्वांत पुढे बसत होते, पण प्रवचन मी एकदाही पुरते ऐकले नव्हते. पाळकसाहेब बोलत असताना मी पुढच्या गीताचे पान शोधी. सगळे डोळे मिटून प्रार्थना करीत, तेव्हा माझे डोळे उघडे असत. 'आमेन' झाल्याबरोबर सूर द्यायचा असे ना! माझा विश्वास होता की नुसती सवय? मंडळी नाही, मामा नाहीत, सूरही नाही, मग उरले काय? उत्तर मिळाले नाही. मी बोटे फिरवीत राहिले.

१६ नोव्हेंबर २०२० ला प्रार्थनास्थळे उघडली. नाताळ कसाबसा झाला. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला. लगेच दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कुलूप. आणि मग ती दुसरी लाट आली.

मातीला चार-पाच माणसे. गाणार कोण? कुणीतरी मला फोन करून एक गीत ध्वनिमुद्रित करून मागितले आणि ते कबरीपाशी मोबाइलवर लावले. ही गोष्ट षट्कर्णी झाली. मग रोज मागणी येऊ लागली, आमच्या मंडळीतून, आजूबाजूच्या गावांतून. मृताचे आवडते गीत कोणते ते विचारायचे, काळी दोनमध्ये सूर लावायचा, गायचे, पाठवायचे. तीन आठवड्यांत मी अशी सतरा गीते गायले. नाही कसे म्हणणार? ही तर सेवा! पण रात्री दिवा मालवला की डोक्यात भाता सुरूच राही. जेवण जाईना. एकदा गाताना मधेच आवाज बसला आणि मी पुन्हा पहिल्यापासून गायले, पुन्हा बसला, पुन्हा गायले.

आईने हे दारातून पाहिले. म्हणाली, "मी वॉर्डातून निघताना पुढच्या सिस्टरला चार्ज देऊन येते. बारा पेशंट असोत की बावीस. तू कुणाला चार्ज देतेस?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिने माझा मोबाइल घेतला, बंद केला आणि तांदळाच्या डब्यावर ठेवला. "सातनंतर हा इथे. सकाळी घे."

चौथ्या की पाचव्या रात्री मामा गेले. त्यांना दवाखान्यात नेल्याचे मला ठाऊक होते. सुधारत आहेत असेच सगळे म्हणत. मामींच्या मुलाने रात्री नऊला निरोप धाडला होता : सकाळी सहाला माती, एक गीत पाठव. मी तो साडेसातला वाचला.

आईशी मी दोन दिवस बोलले नाही. तीही समजूत घालायला आली नाही. तिची ड्यूटी होती. पाळकसाहेबांना फोनवर सगळे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एकशे सदतिसावं स्तोत्र काढ." मला ते माहीत होते. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले बंदिवान आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात. गा म्हटले तरी गात नाहीत. पण आजवर माझ्या ध्यानात आले नव्हते की न गाणाऱ्यांचे हे गाऱ्हाणेसुद्धा स्तोत्रांच्याच पुस्तकात आहे. दीडशे स्तोत्रांत त्यालाही जागा दिली आहे. पाळकसाहेबांनी त्यावर भाष्य केले नाही. मी पेटी धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकली.

ती खाली आली ऑक्टोबरात. ७ ऑक्टोबर २०२१ ला देवळे, मशिदी, चर्च सारे उघडले. १० तारखेला आमची पहिली उपासना. पावसाळा माळ्यावर काढलेली पेटी! एक सूर बोलेना, दुसरा बंद होईना. शनिवारी रात्रभर मी आणि बाबांनी ती खोलून साफ केली. आतून एक मेलेले झुरळ निघाले. मामींनी तबल्याची जोडी मुलाच्या हाती पाठवली होती. ती नेहमीच्या जागी ठेवली, गवसणी न काढता.

आता मी महिन्यातले तीन रविवार वाजवते. चौथ्या रविवारी आठवीतला एक मुलगा वाजवतो आणि मी मागच्या बाकावर बसते, डोळे मिटून. त्याचे सूर चुकतात. पहिल्यांदा माझे हात शिवशिवत. प्रवचनही पुरते ऐकते. ते फार लांबते, हे मला उशिरा कळले. आईच्या भाषेत हा माझा चार्ज देण्याचा दिवस. तो मुलगा नसता तर मी काय केले असते, ठाऊक नाही.

मामींना तोंड दाखवायला मात्र मला धीर होईना. २०२२ च्या ईस्टरला, १७ एप्रिलला, पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेलो. मामींनीच मला हाक मारली. "पेटी आणलीस का ग?" आणली होती. "मग त्या दिवशीचं राहिलंय, ते आता म्हण."

मी मामांच्या कबरीशेजारी मांडी घालून बसले आणि भाता उघडला. मामी शेजारच्या दगडावर हाताने ठेका धरू लागल्या. जलद धरला होता. मी लय ओढून पाहिली, पण त्या ऐकेनात. शेवटी मीच त्यांच्याबरोबर गेले.