पिवळा झेंडा

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आम्ही नवीन मोटारसायकल घेतली आणि ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेली, हे कळल्यावर स्टाफरूममधल्या एका बुजुर्ग मास्तरांनी 'लाहौल' म्हटले आणि चहाचा कप खाली ठेवला. घरची हालत याहून वाईट होती. "दो पोट्ट्याँ हैं घर में, याद है ना?" एवढेच बेगम म्हणाल्या आणि पुढचे दोन दिवस बोलल्या नाहीत. वर्गात दिवसभर उर्दूतून 'हम' म्हणायची सवय असल्याने मराठीत लिहायला बसलो तरी लेखणीतून 'आम्ही'च उतरते. हा थाट नाही, खोड आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हे खूळ डोक्यात कसे शिरले ते सांगायचे तर २०२३ सालापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी शब-ए-बरात मार्चमध्ये, दहावीचे पेपर चालू असताना आली. मशिदीत इबादत झाली. लोक कब्रस्तानात जाऊन आपापल्या माणसांसाठी दुआ मागून आले. मध्यरात्र उलटली आणि आमच्या मोहल्ल्यातली दहा-बारा पोरे फुटक्या आवाजाचे सायलेन्सर लावलेल्या गाड्या घेऊन सोलापूरच्या बाहेर बायपासला गेली. दरवर्षी जातात. मौलाना जुम्याच्या तकरीरीत समजावतात, पोलीस चौकाचौकात उभे राहतात, तरी जातात. ३१ डिसेंबरच्या रात्री दुसऱ्या गल्ल्यांतली पोरेही हेच करतात, फक्त दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा वेगळा असतो. पण आपल्या घरातले सांगायला बसलो आहोत, तर आपल्याच घरातले सांगू.

त्या पोरांत आमच्या वर्गातला एक होता. मागच्या बाकावरचा, गणितात बरा, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मामाची गाडी मागून आणली होती. वळणावर वाळू होती. गाडी घसरली, पोरगा दुभाजकावर आदळला, मांडीचे हाड मोडले. पण आमच्या जिवाला लागली ती पुढची गोष्ट. बरोबरची पोरे थांबली नाहीत. पोलीस येतील, गाड्या जप्त होतील, घरी कळेल, या भीतीने सगळी पळाली. पहाटे दुधाच्या टेम्पोवाल्याने त्याला उचलून दवाखान्यात नेले. पुढच्या पेपरला तो नव्हता.

पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला तो कुबड्या घेऊन शाळेत आला, तेव्हा आम्ही त्याला मास्तरला शोभेल असे भाषण दिले. जीव अमानत आहे, आईबापांचा विचार कर, रस्ता सगळ्यांचा असतो. त्याने मान खाली घालून सगळे ऐकले. मग विचारले, "सर, रोडपे नको, मान लिया. तो फिर कहाँ भगाना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कुस्तीला तालीम आहे, क्रिकेटला मैदान आहे, पोहायला तलाव आहे. वेगाची हौस असलेल्या पोराने कुठे जावे? त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. ती मोबाइलवर पाहताना पोरे म्हणत होती, "ऐसा रस्ता अपने कने नइ ना, सर."

आणि खरे सांगायचे तर भाषण देताना आमची जीभ जड झाली होती. बी.एड.च्या दिवसांत अब्बांची स्प्लेंडर घेऊन आम्हीही रात्री अक्कलकोट रोडला रेस पिळलेली आहे. आमच्याकडे अ‍ॅक्सिलेटरलाच 'रेस' म्हणतात, त्यातच सारे आले. आम्ही पडलो नाही, एवढाच त्याच्यात आणि आमच्यात फरक. बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण मिळवणाऱ्या माणसाला त्या पोराच्या एका प्रश्नाने निरुत्तर केले.

मग चौकशी सुरू केली. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाई येथे ट्रॅक आहे, हे कळले. पूर्वी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर होत. हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. लांबी ३.७ किलोमीटर, वळणे बारा. त्याच शहरातले आर. ए. अब्दुल्ला हे मोटारसायकल शर्यतींचे राष्ट्रीय विजेते होते आणि त्यांची मुलगी अलिशा अब्दुल्ला हिनेही मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही शर्यतींत नाव कमावले, हेही तेव्हाच वाचले. आपल्या पोरांना ही नावे ठाऊक नाहीत याचे वाईट वाटले. त्याच बरोबर दुसरे एक वाचले. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ट्रॅकवर, शर्यतीत पडून बंगळूरचा तेरा वर्षांचा एक गुणी मुलगा गेला. ही बातमी आम्ही बेगमना सांगितली नाही. त्यांना ती आधीच माहीत होती.

शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून यामाहाची आर-१५ घेतली. २००८ साली ही गाडी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि शोरूमच्या काचेला नाक लावून उभे राहायचो. आताची १५५ सीसीची, सहा गिअरची. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत, म्हणजे हजार किलोमीटर, शहाण्यासारखी चालवली. मग २०२५ च्या जानेवारीत किरकोळ रजा टाकली, टाकीतले पेट्रोल उपसून गाडीला गोणपाट गुंडाळले, रेल्वेच्या पार्सलात दिली आणि आम्हीही चेन्नईची गाडी पकडली. बेगमनी बोलल्या नाहीत तरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. डब्याच्या झाकणाखाली तावीज सापडला.

नवशिक्यांसाठी दोन दिवसांची शाळा होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सहा फेऱ्यांची शर्यत. आमचा उस्ताद सव्वीस वर्षांचा, आमच्याहून दहाने लहान. त्याने सगळ्यात आधी गाड्यांचे आरसे काढायला लावले. मागे बघायचे नाही, मागच्याने पुढच्याला सांभाळायचे. दिव्याच्या काचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पडल्यावर काच ट्रॅकवर विखुरणार नाही. साइड स्टँड तारेने बांधला. चेन, ब्रेक, टायर तपासून झाले. शेवटी तो आमच्या गाडीपाशी आला आणि स्पीडोमीटरवरही पट्टी चिकटवली. म्हणाला, आकडा बघणाऱ्याला रस्ता दिसत नाही.

भाड्याने घेतलेला चामड्याचा सूट घालायला दोघांची मदत लागली. गुडघ्यांना प्लास्टिकचे गट्टे, पाठीला कवच, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट. तो घालून चालताना आम्ही ईदच्या बाजारातल्या बकऱ्यासारखे अवघडलो होतो. आमची पोरे बनियनवर, पायात चप्पल घालून बायपासला जातात, हे सारखे आठवत होते.

पहिला दिवस वेगाचा नव्हताच. सकाळभर उस्तादाने ब्रेक लावायला शिकवले. आपल्याकडे समज असा, की पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो, म्हणून आयुष्यभर मागच्यावरच भिस्त. प्रत्यक्षात ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते, म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने नाही, लिंबू पिळावे तसा दाबत न्यायचा. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा. बाहेरून आत शिरायचे, आतल्या कडेला स्पर्श करून पुन्हा बाहेर पडायचे. आणि नजर! जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात, वळणाच्या शेवटाकडे बघाल तर तिकडे. पंधरा वर्षे मास्तरकी केलेला माणूस बाकावर बसून हे वहीत उतरवून घेत होता. खूप दिवसांनी विद्यार्थी झाल्याने बरे वाटत होते.

मग झेंड्यांचा तास झाला. लाल म्हणजे सगळे बंद, सावकाश परत या. निळा म्हणजे मागून जलद गाडी येते आहे. काळा म्हणजे तुम्ही बाहेर. चौकड्यांचा म्हणजे शर्यत संपली. आणि पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणालाही ओलांडायचे नाही. उस्तादाने पिवळ्या झेंड्याबद्दल तीन वेळा विचारले, वेगवेगळ्या पोरांना उभे करून. आम्हाला ही पद्धत ओळखीची वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौदा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. आमचा नंबर तेरावा. वयाने आमच्या जवळचा कुणी नव्हता. हेल्मेटच्या आत आपलाच श्वास वादळासारखा ऐकू येत होता. आम्ही आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यात लाल दिवे विझले.

सुरुवातीच्या दोन फेऱ्या काय झाले ते नीट आठवत नाही. पहिल्या वळणावर सगळ्या गाड्या एकदम वाकल्या आणि आम्ही भिऊन ब्रेक जास्त दाबला, शेवटचे झालो. तिसऱ्या फेरीत मात्र हात सैल झाले. ब्रेक, गिअर, नजर, कल; सगळे आपोआप एका लयीत येऊ लागले. सरळ पट्ट्यावर टाकीवर छाती टेकवली, इंजिनाचा आवाज चढत गेला आणि एक गाडी मागे पडली. चौथ्या फेरीत आणखी एक. कुणाला खोटे वाटेल, पण ती शांतता होती. कर्ज नाही, पेपर तपासणे नाही, निवडणुकीची ड्युटी नाही. फक्त पुढचे वळण. तेव्हा कळले की पोरे बायपासला कशासाठी जातात. ती मस्ती नसते, निदान नुसती मस्ती नसते. ज्याला घरात खोली नाही, वर्गात नंबर नाही, बाजारात काम नाही, त्याला दोन मिनिटे तरी वाटते की आपले आयुष्य आपल्या मुठीत आहे.

पाचव्या फेरीत आमच्या पुढे लाल गाडीवाला होता. वळणावर तो बाहेर जात होता, आत जागा मोकळी होती. आम्ही शिरणार, तेवढ्यात कडेला पिवळा झेंडा हलताना दिसला.

पुढच्या वळणाच्या बाहेर, मातीत, एक पोरगा पडला होता. त्याची गाडी दूर आडवी होती. दोन मार्शल त्याच्याकडे धावत होते. लाल गाडीवाल्याने रेस सोडली. आम्हीही सोडली. मागच्यांनीही सोडली. एका पडलेल्या पोरासाठी सगळ्या शर्यतीचा जोर ओसरला. एकाही पठ्ठ्याने पुढे घुसायचा प्रयत्न केला नाही. आम्ही जवळून गेलो तेव्हा तो उठून बसला होता आणि मार्शल त्याचे हेल्मेट न काढता त्याच्याशी बोलत होता. झेंडा संपला आणि पुन्हा आवाज चढले. पण आमच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि हेल्मेटच्या आत ते पुसता येईना. आम्हाला बायपास दिसत होता. तीच रात्र, तीच वाळू, आणि लांब जाणारे सायलेन्सरचे आवाज.

आम्ही अकरावे आलो. उस्तादाने पाठीवर थाप मारली.

सोलापुरात परतल्यावर संध्याकाळी पोरे गाडीभोवती जमली. "कितने पे गयी, सर?" पहिला प्रश्न हाच. माहीत नाही, काटा झाकलेला होता, असे सांगितले तर कुणाचा विश्वास बसेना. तो मुलगाही आला होता. आता कुबड्या नाहीत, पण चाल लंगडी. आता तो मामाच्या गॅरेजात काम करतो. त्याने आकडा विचारला नाही. सगळे गेल्यावर म्हणाला, "सर, उधर कोई गिरा क्या?"

आम्ही त्याला सगळे सांगितले. झेंडा, मार्शल, थांबलेल्या गाड्या. २०२३ साली तिथे गेलेल्या त्या मुलाचेही सांगितले, कारण ट्रॅकवर माणूस मरत नाही असे सांगणे खोटे झाले असते. तो बराच वेळ गाडीच्या टाकीवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सब रुके?"

"सब."

तो काही बोलला नाही.

सोलापुरात ट्रॅक नाही. आमच्या पोरांना चेन्नईचे भाडे परवडणार नाही. म्हणजे त्याच्या जुन्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याकडे आजही नाही. फेब्रुवारीत शब-ए-बरात आली. कब्रस्तानातून अब्बांसाठी फातिहा पढून आम्ही घरी न जाता बायपासच्या त्या वळणावर गेलो. शाळेतून आणलेला खराटा घेऊन आधी वाळू झाडली. पोरांना अडवायचे काम पोलिसांचे, समजवायचे मौलानांचे आणि वर्गात आमचे. पण कुणी पडलाच, तर पळून न जाणारा एक माणूस तिथे असावा, एवढेच मनात होते.

थोड्या वेळाने मागे पावले वाजली. एक पाय ओढत येणारी पावले. त्याच्या हातात गॅरेजातली मोठी बॅटरी होती, आणि खांद्यावर पिवळे फडके.