क्रोधानंतरचे भय

युद्धाची कथा पाहायला किंवा ऐकायला बसलेला मनुष्य फार वेळ तटस्थ राहू शकत नाही. कीर्तनकाराने चक्रव्यूहाचे आख्यान लावले, की श्रोत्यांपैकी निम्मे जण मनातल्या मनात जयद्रथावर शस्त्र उगारून उभे असतात. आपली बाजू कोणती, हे कथा आपल्याला विचारीत नाही. ती आपला हात धरून आपल्याला तिथे नेऊन बसविते. पण ज्या कथेची नायिकाच शस्त्र खाली ठेवते, तिथे प्रेक्षकाने कोणाच्या पक्षात बसावे? आमच्या स्नेहलतागंजातल्या घरात हा प्रश्न २०२५ च्या मे महिन्यात निर्माण झाला, आणि तो निर्माण केला एका जपानी चित्रपटाने.

हाताने रेखाटलेली चित्रे चालती-बोलती करून जे जपानी चित्रपट तयार होतात, त्यांना 'ॲनिमे' म्हणतात. चित्रांचा सिनेमा म्हटला की तो मुलांसाठी, असा आपल्याकडे पूर्वीपासूनचा समज. जपानात तसे नाही. तिथे मोठ्या माणसांनी गंभीरपणे पाहावेत असे चित्रपट या प्रकारात झाले आहेत. त्यांपैकीच एक 'नाउसिका'. हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ११ मार्च १९८४ रोजी जपानात प्रदर्शित झाला. २०२० च्या मार्चमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि आपल्याकडच्या तरुण मुलांना घरबसल्या पाहता येऊ लागला. आमची पुतणी त्या मुलांपैकीच.

कथा थोडक्यात सांगते. एका महायुद्धाने पृथ्वी भाजून निघाली, त्याला एक हजार वर्षे लोटली आहेत. भूमीवर एक विषारी अरण्य पसरत चालले आहे, आणि त्यात डोंगराएवढे किडे राहतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्यांना 'ओमू' म्हणतात. उरलेली माणसे लहान लहान राज्ये करून राहतात आणि अजूनही एकमेकांशी लढतात. वाऱ्याच्या एका खोऱ्यातल्या राजाची मुलगी नाउसिका हलक्या पंखांच्या यानातून एकटी अरण्यात जाते, झाडांचे बीजकण गोळा करते, किड्यांच्या सवयी ओळखते. एक बलाढ्य सेना त्या खोऱ्यावर उतरते. तिची सेनापतीही राजकन्याच आहे. तिचा हात किड्यांनी नेला आहे, आणि जुन्या युद्धातला एक अग्निराक्षस जागा करून सारे अरण्य जाळून टाकावे असा तिचा बेत आहे. नाउसिकाला मात्र शोध लागलेला असतो, की माणसांनी नासविलेली माती आणि पाणी ते अरण्यच आपल्या पोटात घेऊन शुद्ध करीत आहे.

आता आमच्या घरातील परिस्थिती. पुतणी बारावीला होती आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याचे तिच्या मनाने घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ही दारे मुलींना उघडली आणि २०२२ साली त्यांची पहिली तुकडी तिथे दाखल झाली, हे वाचकांना आठवत असेलच. माझ्या सासूबाईंचा याला विरोध होता. त्यांचे धाकटे बंधू १९७१ च्या युद्धावरून परत आले नाहीत. त्यांचा गणवेशातील फोटो देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, आणि त्याविषयी त्या फार बोलत नाहीत. पुतणीपुढे मात्र एवढेच म्हणाल्या होत्या, "एका घराने एकदा दिले, ते पुरे."

दिवसही विलक्षण होते. २२ एप्रिलला पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाली. मृतांत आपल्या इंदूरचेही एक गृहस्थ होते. सारे शहर संतापलेले होते. ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने सीमेपलीकडील तळांवर हल्ले चढविले आणि त्याच संध्याकाळी सरावाचा भाग म्हणून इंदुरात भोंगे वाजून दिवे मालविण्यात आले. सासूबाई त्या काळोखात फोटोखाली हात जोडून बसल्या होत्या. १० तारखेला गोळीबार थांबला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि पुतणीने आपल्या आवडीचा हा चित्रपट सगळ्यांना दाखवायचे ठरविले. आजीला तो दाखवावा हाच तिचा हेतू होता, हे मला मागाहून उमगले.

शेजारचे सुभेदारकाकाही आले होते. त्यांच्या नोकरीची अखेरची वर्षे महूच्या छावणीत गेली. निवृत्तीनंतर ते इथेच स्थायिक झाले. संवाद जपानी असल्यामुळे पुतणी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होती. 'ओमू' हे नाव सासूबाईंनी 'ओम' असेच ऐकले आणि त्यामुळे त्या अजस्र किड्यांविषयी त्यांच्या मनात आरंभापासूनच आदर निर्माण झाला.

अर्धा-पाऊण तास गेला. आक्रमक सैनिक राजवाड्यात शिरले आणि त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध राजाला ठार मारले. नाउसिका धावत आली. तिने पित्याचा देह पाहिला, आणि हातात आले त्या शस्त्राने तिने समोरचे सैनिक एकामागून एक लोळविले. ती दिसायला किती कोवळी! पण त्या क्षणी तिचे केस उभे राहिले होते आणि मुद्रा ओळखू येत नव्हती. आमच्या खोलीत एकच उद्गार उमटला, "बरे केले!" सासूबाई म्हणाल्या, माझे दीर म्हणाले, मी म्हणाले. गेल्या तीन आठवड्यांत दाटलेला संताप त्या दोन शब्दांत बाहेर पडला असावा. दोघेच गप्प होते: पुतणी, कारण पुढे काय आहे ते तिला ठाऊक होते, आणि सुभेदारकाका.

पुढे असे होते, की तिचा गुरू मध्ये पडतो, तिचा वार स्वतःच्या दंडावर झेलतो आणि रक्त गळत असतानाच तिला भानावर आणतो. नंतर तळघरातील आपल्या झाडांमध्ये ती त्याच्यापाशी रडते. आपल्याला स्वतःचेच भय वाटते, द्वेष अनावर झाला म्हणजे आपण काय करू हे सांगता येत नाही, यापुढे कोणालाही मारायची इच्छा नाही, असे ती बोलून दाखविते. पुतणीने हे वाक्य मराठीत सांगितले तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. मनाची मोठी विचित्र अवस्था झाली. आम्ही जिच्या कृत्यावर संतुष्ट होतो, तीच त्या कृत्याने भ्यालेली होती.

चित्रपट संपल्यावर चर्चा रंगली. माझे दीर बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी स्वभावाचे. त्यांना शेवट पटला नाही. चवताळलेल्या ओमूंचा कळप खोऱ्यावर चालून येतो, आणि नाउसिका त्यांचे जखमी पिल्लू परत घेऊन निःशस्त्र त्यांच्यासमोर उभी राहते. ती तुडविली जाते. मग कळप थांबतो आणि ओमू आपल्या सोनेरी तंतूंनी तिला उचलून जिवंत करतात. "हा चमत्कार झाला. सीमेवर असले कळप थांबत नाहीत," असे त्यांचे म्हणणे. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. मियाझाकींनीही ही कथा तिथे सोडली नाही. १९८२ पासून मासिकातून चालविलेली तिची चित्रमालिका त्यांनी १९९४ पर्यंत पुढे नेली, आणि तिथे नायिकेपुढची कोडी अधिक अवघड होत गेली.

सुभेदारकाकांचे निरीक्षण निराळे होते. ते म्हणाले, "वहिनी, सगळ्या सैन्यात टेहळणी कोणी नीट केली असेल, तर या पोरीने. बाकीच्यांना किडे कुठे आहेत एवढेच ठाऊक. ते का चिडतात, हे हिलाच माहीत." थोडे थांबून म्हणाले, "आणि मारल्यानंतर भीती वाटते, हे खरे आहे. ज्याला वाटत नाही, त्याच्या हाती तुकडी देऊ नये." आपण स्वतः काय पाहिले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

या चित्रपटाकडे परदेशांतही सर्वांनी एकाच दृष्टीने पाहिले नाही. १९८५ साली अमेरिकेत तो 'वॉरियर्स ऑफ द विंड', म्हणजे 'वाऱ्याचे योद्धे', या नावाने निघाला. तिथल्या वितरकांनी त्यातली सुमारे बावीस मिनिटे कापून टाकली आणि नायिकेचे नावही बदलले. जाहिरातीच्या चित्रात चित्रपटात नसलेले शस्त्रधारी पुरुष पुढे आले आणि खरी नायिका मागे गेली. विचार करण्याचे प्रसंग गेले आणि मारामारी उरली. किडे म्हणजे केवळ शत्रू, असेच त्या प्रेक्षकांना वाटले असल्यास नवल नाही. "बरे केले" म्हणून जिथे आम्ही थांबलो होतो, तिथेच त्या वितरकांनी चित्रपट थांबविला, असे मला वाटते.

आणि ज्याने हे रेखाटले, त्या मनुष्याचे आयुष्यही पाहण्यासारखे आहे. मियाझाकींचा जन्म १९४१ चा. त्यांच्या घरच्या कारखान्यात जपानच्या 'झिरो' या लढाऊ विमानांचे भाग तयार होत. युद्धाच्या अखेरीस शहरांवर पडणारे बाँब त्यांनी बालवयात पाहिले. पुढे जन्मभर त्यांना विमानांचे वेड राहिले आणि युद्धाचा तिटकाराही राहिला. २०१३ साली त्यांनी त्याच विमानाच्या रचनाकारावर चित्रपट काढला. ही विसंगती आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या पुतणीला ती विसंगती वाटत नाही. तिला हवाई दलात जायचे आहे, आणि नाउसिका तिला प्रिय आहे.

बोलणे शेवटी अहिल्याबाईंपर्यंत आले. इंदुरात ते यायचेच. त्यातून त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होणार होती. सासूबाईंनी राघोबादादांची गोष्ट काढली. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. राज्य निराधार झाले असे समजून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या चिथावणीवरून राघोबादादा फौज घेऊन माळव्यावर आले. बाईंनी तुकोजी होळकरांना क्षिप्रेच्या तीरावर रवाना केले, शिंदे-गायकवाड-भोसल्यांना पत्रे धाडली आणि पुण्याला माधवराव पेशव्यांना सर्व हकीकत कळविली. स्त्रियांची तुकडी उभी करून त्यांनी निरोप पाठविला, की आम्ही हरलो तर त्यात नवल नाही. तुम्ही स्त्रियांकडून हरलात तर तोंड कुठे दाखवाल, असे आख्यायिका सांगते. अखेर दादा सांत्वनासाठी आल्याचे सांगून पाहुणे म्हणून इंदुरात आले, आणि रक्त सांडले नाही.

"म्हणजे आपल्या बाईही तिच्यासारख्याच," सासूबाई म्हणाल्या. यावर माझ्या दिरांनी लगेच हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की बाईंच्या शांततेमागे तोफा होत्या. या मुलीचे हात रिकामे होते. शिवाय रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केले, तेव्हा बाईंनी फौज धाडून ते मोडले. ते खरे आहे. अहिल्याबाईंना शांततावादी ठरविणे म्हणजे इतिहासाला आपल्या सोयीने वाकविणे होय.

तरीही दोघींत एक साम्य मला दिसते. दोघींनी समोरच्याला ओळखले होते. राघोबादादांना पराभवापेक्षा लौकिकाची भीती अधिक, हे बाईंनी जाणले. ओमूंचा क्रोध म्हणजे दुखावलेल्या आईबापांचा क्रोध, हे नाउसिकाने जाणले. आपण शांतता म्हणजे भोळेपणा समजतो आणि युद्ध म्हणजे व्यवहार. प्रत्यक्षात शत्रूचा द्वेष करायला काहीच शिकावे लागत नाही. त्याला ओळखायला मात्र वर्षे लागतात. नाउसिका अरण्यात जात होती, नमुने गोळा करीत होती, स्वच्छ पाण्यात विषारी झाडे लावून पाहत होती. तिची अहिंसा त्या अभ्यासातून आली, आणि पुरी झाली ती त्या एका भयंकर दिवशी, जेव्हा तिने स्वतःलाही ओळखले. ज्याला आपल्या हातून काय घडू शकते हे कधी कळलेच नाही, त्याने शस्त्र खाली ठेवले काय अन् न ठेवले काय, त्याला फारसा अर्थ नाही.

म्हणून सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीने असा चित्रपट आवडीने पाहावा, यात मला आता काही विपरीत वाटत नाही. उलट, ज्यांच्या हाती शस्त्र द्यायचे, त्यांच्याच मनात हे भय आधी रुजलेले असावे. घरी बसून "बरे केले" म्हणणे आम्हाला सोपे आहे; ते म्हणण्याची किंमत आम्हाला द्यावी लागत नाही.

सासूबाईंनी संमती दिली असे मी म्हणणार नाही. त्या रात्री त्या पुतणीला एवढेच म्हणाल्या, की त्या पोरीला रडायला जवळ कोणी तरी होते. आमच्या भावाला कोण होते, देव जाणे. पुतणीकडे त्याला उत्तर नव्हते. तिने आजीचे पाय दाबून दिले. ३० मे रोजी खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी, सतराजणींची, दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली, तेव्हा सासूबाईंनी ते वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता घडी घालून ठेवले. पुतणीने जूनमध्ये परीक्षेचा अर्ज भरला. आता ती रोज चिमणबागच्या मैदानावर धावायला जाते. पहाटे पाचला तिला हाक मारून उठविण्याचे काम सासूबाईंनी कोणाला न विचारता आपल्याकडे घेतले आहे.