दादाची पेन्शन, माझं टेन्शन

घर एक, सरकारी नोकऱ्या दोन, रिटायरमेंटची गणितं मात्र वेगळी! दादा फौजेत जवान होता. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर जवानाला आयुष्यभराची पेन्शन मिळते. ती त्याला आहेच, पण तो रिटायर झाला अडतिसाव्या वर्षी. मुलं शाळेत, म्हणून दुसरी नोकरी शोधणं आलंच. मी केंद्र सरकारच्या ऑफिसात, साठीपर्यंत निवांत. पण १ जानेवारी २००४पासून लागलेल्या आम्हा सिव्हिलियन मंडळींना एनपीएस, म्हणजे पेन्शन मार्केटच्या भरवशावर. २०२५मध्ये यूपीएसचा पर्याय आला: पंचवीस वर्षं भरली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन. माझी जेमतेम सव्वीस भरतील, म्हणून मी तीच घेतली. आई म्हणते, ‘सरकारी आहे ना, मग कसलं टेन्शन?’ अगं, दादाला पेन्शन लवकर मिळाली, मला उशिरा मिळेल. मधली वर्षं ज्याची त्यानेच सांभाळायची. तुम्ही मोजलीत का तुमची?