बक्षीस गेलं ते ओरडणाऱ्याला

1996 सालचा एक निकाल मला अजून पटलेला नाही. त्या एका वर्षात नाना पाटेकरांचे दोन सिनेमे आले. ‘अग्निसाक्षी’त बायकोवर संशय घेणारा, तिला छळणारा, चवताळून उठणारा नवरा. आणि ‘खामोशी’त, म्हणजे संजय लीला भन्साळींच्या पहिल्याच सिनेमात, गोव्यातला मुका-बहिरा बाप जोसेफ. सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार नानांना मिळाला, पण तो चवताळणाऱ्या नवऱ्यासाठी.

नाना मूळचे मुरूडचे, जन्म 1 जानेवारी 1951 चा. आमच्या आगरदांड्याहून मुरूड म्हणजे सकाळी बाजाराला जावं आणि जेवायला घरी यावं. त्यामुळे इकडे नानांबद्दल सगळे घरच्या माणसाबद्दल बोलावं तसे हक्काने बोलतात. दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्या रांगेला लागल्या, की एखादा हौशी प्रवासी मान तिरकी करून, हात कपाळावर आपटून नानांचा आवाज काढतोच. लोक हसतात. आवाज ठरलेला, ‘क्रांतिवीर’चा. जोसेफची नक्कल करताना मात्र मी कुणाला पाहिलेलं नाही. करणार कशी? त्याला संवादच नाही.

हीच गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या नटाची ओळख त्याच्या जिभेवर बेतलेली, त्याची जीभच काढून घेतली तर उरतं काय? ‘खामोशी’त उरतात हात, खांदे आणि डोळे. मुलगी अ‍ॅनी बोलू-ऐकू शकते, आईबापांचा जगाशी व्यवहार तिच्यामार्फत चालतो; आणि तीच गाण्याच्या वाटेने दूर जाऊ लागते, जे गाणं बापाला कधी ऐकूच येणार नाही. जोसेफ चिडतो तेव्हा बोटं इतकी भरभर चालतात की शब्द अडखळावेत तशी ती मध्येच अडखळतात. समोर सीमा बिस्वास, त्याही निःशब्द. दोघांचं भांडण बघताना आपल्यालाच धाप लागते. बक्षीस द्यायचं ते याला! घसा ताणणं अवघड नसतं असं नाही, पण घसा बंद ठेवून थिएटर धरून ठेवायला वेगळीच ताकद लागते.

ती ताकद कुठून आली, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. जे. जे.मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण, जाहिरातींचं काम, 1978 मध्ये ‘गमन’. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच सुमारास आणि पुढे रंगभूमीवर ‘हमीदाबाईची कोठी’ आणि जयवंत दळवींचं ‘पुरुष’, दोन्ही विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली. विजयाबाईंच्या तालमीत नुसती टाळीची वाक्यं फेकून भागत नसे. समोरचा बोलत असताना कसं उभं राहायचं, हे तिथे नटाला शिकावंच लागे. ‘परिंदा’तला अण्णा आठवा. आगीला घाबरणारा गुंड, त्याची दहशत आवाजात कमी आणि नजरेत जास्त. त्यालाही सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. म्हणजे परीक्षकांना कधीच कळत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

आणि खोटं कशाला बोलू? 1994 मध्ये ‘क्रांतिवीर’च्या शेवटी नाना गर्दीसमोर बोलायला लागले तेव्हा शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो. त्या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तक्रार सुचली नाही. आज तोच आवाज दर जेट्टीवर ऐकून कान किटले, यात नानांचा काय दोष?

‘नटसम्राट’ पडद्यावर आला 1 जानेवारी 2016 ला, त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी. डॉ. श्रीराम लागूंनी 1970 मध्ये रंगभूमीवर उभे केलेले अप्पा बेलवलकर इथे नानांनी केले, त्यामुळे तुलना होणारच होती. लोक स्वगतांवर बोलत राहिले. मला विक्रम गोखले बोलत असताना नुसते ऐकणारे अप्पा जास्त आवडले.

होळीच्या दिवसांत आमच्याकडे हौशी नाटकं होतात, पोरं पल्लेदार संवाद घोकतात. मंडळांना विनंती एवढीच, की नकलांची स्पर्धा ठेवणार असाल तर एक प्रवेश बिनसंवादाचा ठेवा. आणि पहिलं बक्षीस त्यालाच द्या.