अर्थ लागला!

सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या हेक्टरच्या नाकावरचा तो अष्टकोनी बिल्ला तुम्ही पाहिलाच असेल. एमजी! आपल्याकडे हा ब्रँड आला २०१९ साली, तोही चिनी मालकासोबत, आणि गाड्या बनायला लागल्या गुजरातेत हलोलला. पण या दोन अक्षरांचं माहेर आहे इंग्लंडमध्ये. ‘मॉरिस गॅरेजेस’ हे मूळचं ऑक्सफर्डचं दुकान. आणि १९२९ पासून १९८० पर्यंत कारखाना होता थेम्सकाठच्या ॲबिंग्डन या टुमदार गावात. गेल्या सप्टेंबरात मी त्या माहेरी जाऊन आले. तेही चक्क एमजीतून! म्हणजे... पोचेपर्यंत एमजीतून. परत मात्र बसनं. ते का, ते पुढे सांगते.

माझा मावसभाऊ रेडिंगला असतो. आयटीत. नऊ वर्षं झाली. तिथली आपली पोरं घर घेतात, दादानं आधी गाडी घेतली. १९७२ ची एमजीबी. दोन सीट, कापडी टप, क्रोमचा बंपर आणि गडद हिरवा रंग. घेतली तेव्हा ती म्हणे धड चालूही होत नव्हती. हे वेड आलं कुठून? तर साताऱ्याहून. काकांची ॲम्बॅसिडर होती आणि ती दुरुस्त करताना बॅटरी धरून उभं राहायची ड्युटी दादाची. पेट्रोल ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, ही दोन्ही एकाच घराण्यातली. बीएमसी कंपनीची बी-सिरीज. थोडक्यात, दादाच्या लेखी ही आपल्या ॲम्बीची स्टायलिश चुलत बहीण!

पण आता दादा आणि वहिनी पुण्याला परत येतायत. गाडी विकायची ठरली. घेणाऱ्या बाई ॲबिंग्डनच्याच, आणि त्यांना ती बघायची होती जुन्या कारखान्याच्या दाराशी. ‘पाठवणी उलटी आहे,’ वहिनी म्हणाली, ‘सासरहून माहेरी.’ दादा हसला नाही.

सकाळी टप खाली करून निघालो. रेडिंगहून ॲबिंग्डन जेमतेम ४० किलोमीटर. वॉलिंगफर्डच्या बाजूनं जाणारा रस्ता म्हणजे फुल्टू पोस्टकार्ड. कापलेली शेतं, मधूनच डोकावणारी थेम्स, विटांची घरं. सीट इतक्या खाली की रस्त्यावर हात टेकेल असं वाटतं. साठचा वेग शंभरचा वाटतो. खरी स्पोर्ट्‌स कार कशाला म्हणतात, ते मला त्या अर्ध्या तासात कळलं.

मग कळलं की काहीतरी बिनसलंय. दादानं वळायला इंडिकेटर दिला. टिक-टिक-टिक. ब्रेक दाबला आणि टिक-टिकचं झालं टिक... टिक... ‘हे काय?’ मी विचारलं. दादा गप्प. क्लिफ्टन हॅम्पडनच्या जवळ इंजिननं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि बंद! उरलेल्या वेगावर दादानं गाडी कडेच्या गवतावर घेतली.

ब्रिटिश जुन्या गाड्यांची इलेक्ट्रिकल्स म्हणजे लुकास. जोसेफ लुकास हा बर्मिंगहॅमचा माणूस, सुरुवात केली हातगाडीवर रॉकेल विकण्यापासून. पुढे त्याच्या नावाची कंपनी इंग्लंडातल्या बहुतेक गाड्यांना वायरी-दिवे पुरवू लागली. गाडीवेड्यांनी तिला पदवी बहाल केली, ‘अंधाराचा राजपुत्र’! इंग्रज बिअर कोमट का पितात? कारण त्यांचा फ्रिज लुकासचा असतो! असले शेकडो पीजे. मीही एक मारला. दादा म्हणाला, ‘पन्नास वर्षं झालेल्या वायरीला शिव्या देणं सोपं असतं गं. त्यात बहुतेक वेळा कंपनीचा दोष नसतो. लूज कॉन्टॅक्ट असतो, गंज असतो, नाहीतर मधल्या कुठल्यातरी मालकानं केलेला जुगाड असतो.’

आणि मग सुरू झाली एक भन्नाट डिटेक्टिव्ह स्टोरी.

पहिली स्टेप म्हणजे कशालाही हात न लावता ऐकायचं. चावी फिरवली की या गाडीचा पेट्रोल पंप टिक-टिक वाजतो आणि थांबतो. आज चिडीचूप. पेट्रोल येत नाही, म्हणून इंजिन बंद. दुसरी स्टेप, काय चालू आहे त्याची यादी करायची. हॉर्न? ओके. वायपर? ओके. हेडलाइट? झगझगीत. मग दादानं मला मागे पाठवलं. ब्रेक लाइट? मिणमिणता. इंडिकेटर? लागलाय की नाही तेच कळेना. वर ब्रेक दाबला की भलताच दिवा फिकट पेटतो! ‘पुढचं सगळं ठणठणीत, मागचं सगळं मलूल,’ दादा म्हणाला. ‘आणि पंपही मागेच आहे. आता सांग, या सगळ्यांत कॉमन काय?’

मी मास कॉमची. मला काय सांगता येणार?

मग त्यानं वायरींची भाषा शिकवली. लुकासच्या वायरिंगला रंगांची पद्धत आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून येणारी. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजमधून आलेली. आणि काळी म्हणजे अर्थ, करंटला बॅटरीकडे परत नेणारी. गाडीत परतीची लांब वायर नसतेच, गाडीचा पत्राच ते काम करतो. मागच्या दिव्यांच्या आणि पंपाच्या काळ्या वायरी डिकीत एकाच बोल्टखाली येतात. जाणारी वाट कितीही चांगली असो, परतीची वाट बंद तर करंट जाणारच नाही.

मल्टिमीटर निघाला. पंपाच्या पांढऱ्या वायरीवर जवळजवळ १२ व्होल्ट. म्हणजे करंट दारापर्यंत येतोय. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या काळ्या वायरीला. इथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसले ९! चोर सापडला. खात्री करायला दादानं सीटमागच्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपापर्यंत एक क्लिपवाली वायर जोडली. टिक-टिक-टिक-टिक! मी गवतात उभी राहून चक्क टाळ्या वाजवल्या.

‘झालं तर मग!’ मी म्हटलं. ‘ही वायर अशीच राहू दे. सहा-सात किलोमीटर तर आहे. तिथे पोचायच्या आधी काढून टाकू. कोणाला कळतंय?’

दादा माझ्याकडे बघत राहिला. ‘मला ही विकली ना, त्यानंही असंच काहीतरी केलं होतं,’ तो म्हणाला. ‘चार महिने शोधत होतो मी.’

डिकी रिकामी केली. बोल्ट उघडला तर खाली हिरवट-पांढरी पूड आणि गंज. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीची टोकं घासली, नवा वॉशर टाकला, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. क्लिपवाली वायर काढली. चावी फिरवली. टिक-टिक. मागचे दिवे लालभडक. खर्च शून्य, वेळ पन्नास मिनिटं.

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. त्याच महिन्यात पाच लाखांहून जास्त गाड्यांनंतर एमजीबीही संपली. आज तिथे बिझनेस पार्क आहे. दाराशी उरलंय ते एमजी कार क्लबचं किंबर हाउस. तिथे बाई उभ्या होत्या. साठीच्या, निवृत्त नर्स. दादानं हॅलोनंतरचं पहिलं वाक्य टाकलं, ‘वाटेत बंद पडली होती.’ आणि डिकी उघडून तो बोल्टच दाखवला. मी मनात म्हटलं, गेली डील!

बाईंनी टॉर्च मागितला. वाकून बघितलं, वायर ओढून बघितली. मागचं वायरिंग नवं करावं लागेल, म्हणून दोनशे पाउंड कमी करायला सांगितले. दादानं केले. वर एक वही दिली. तीन वर्षांत हात लावलेली प्रत्येक वायर, तिचा रंग, तारीख. बाईंनी आधी वही चाळली, मग चेक लिहिला.

ॲबिंग्डनला आता रेल्वे स्टेशन नाही. डिडकॉटला जाणाऱ्या बसमध्ये आम्ही गप्प बसलो होतो. दोनशे पाउंड माझ्या डोक्यातून जात नव्हते. बसनं वळायला इंडिकेटर दिला. टिक-टिक-टिक. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, तरी टिक-टिक-टिक.

‘अर्थिंग चांगलंय,’ दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला.

जाताय?
• रेडिंगहून ट्रेननं डिडकॉट, पुढे बसनं ॲबिंग्डन. ऑक्सफर्डहूनही थेट बस आहे.
• गावातल्या काउंटी हॉलमध्ये म्युझियम आहे. राजघराण्यात काही मोठं घडलं की याच इमारतीच्या गच्चीवरून लोकांवर बन फेकायची इथे प्रथा आहे!
• क्लिफ्टन हॅम्पडनचा विटांचा पूल चुकवू नका. गाडी बंद पडायची वाट बघायची गरज नाही.