शिशाची तार

आमचे दादा चौथी शिकलेले. पण डिझेल इंजिन त्यांना तोंडपाठ. दिवाळीच्या सुटीत विहिरीवरच्या इंजिनाचे हेड मी बसवले. कॉलेजात जाणाऱ्याने विचारायचे कसे? हाताला आले ते जाड गॅस्केट घातले. हँडल मारून खांदे भरून आले, इंजिन सुरू होईना. कांद्याची रोपे सुकू लागली.

"डिझेल ठिणगीवर नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. जाड गॅस्केटनं दाब कमी पडला," दादा म्हणाले.

"मग एकदम पातळ घालू?"

"पिस्टन हेडला थडकेल."

त्यांनी पिस्टनवर शिशाची तार ठेवली, हेड आवळले, चाक हाताने फिरवले. चेपलेल्या तारेची जाडी हीच आतली फट. जेमतेम मिलिमीटरभर हवी. मोजून त्यांनी गॅस्केट बदलले. संध्याकाळी पाणी वाहिले.

"विचारायचं होतंस," एवढेच ते बोलले. शिकलो म्हणजे विचारणे संपले, असे मला वाटत होते.